माझ्या नावावरची गाडी

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात कशेळी, ता. भिवंडी इथल्या एका निवृत्त आरोग्यसेविकेनं केलेलं भाषण.)

दुपारची भांडी आवरून बसला असाल. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी मशीनवर शिवत असेल, कुणी पापड लाटत असेल. हात चालूच ठेवा, कान तेवढे माझ्याकडे द्या.

मी कशेळीची. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. आता तिथे गोदामं दिसतात, ट्रकांच्या रांगा दिसतात, मेट्रोचे खांब दिसतात. मी सून म्हणून आले तेव्हा भाताची शेतं होती आणि संध्याकाळी खाडीचा वारा थेट ओटीवर यायचा. नोकरी आरोग्यसेविकेची. तुम्ही नर्सबाई म्हणता, तीच. गेल्या वर्षी नव्हे, त्याच्या आधी निवृत्त झाले.

सुरुवातीला एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जिच्या कागदावर तुमचं नाव आहे? सातबारा नाही म्हणाल. घरपट्टी? लाइटचं बिल? बऱ्याच जणी म्हणतील, रेशन कार्डावर आहे. रेशन कार्डावर सगळ्यांचंच असतं. मी मालकीबद्दल विचारतेय.

माझ्या नावावर एक स्कूटर आहे. कायनेटिक होंडा, 1994 ची. आज ती एकतीस-बत्तीस वर्षांची झाली, अजून चालते, आणि बरीचशी जशी शोरूममधून आली तशीच आहे. ती तशी का ठेवली, कशी ठेवली आणि त्यात माझी चूक कुठे झाली, हे आज सांगणार आहे.

आधी ती घ्यावी का लागली, ते ऐका. माझ्या उपकेंद्राखाली चार गावं आणि पाडे होते. सकाळी लसीचा डबा घ्यायचा, त्यात बर्फाच्या चार थैल्या, मध्ये लसी. तो डबा घेऊन टेम्पोची वाट बघत उभं राहायचं. टेम्पो भरलेला असला की दुसऱ्याची वाट. बर्फ तर कुणासाठी थांबत नाही. लस गरम झाली की वाया जाते, आणि पाड्यावरच्या बाया मुलं कडेवर घेऊन उन्हात बसलेल्या असतात. उशिरा पोचलं की त्या निघून गेलेल्या असायच्या. पुढच्या वेळी बोलवायला गेलं की म्हणायच्या, "बाई, तुमचा काय भरवसा?" हे मला फार लागायचं.

तेव्हा स्कूटर म्हणजे पुरुषाची गाडी. डाव्या हाताच्या मुठीत गिअर, सुरू करायला पायानं किक मारायची, आणि जड इतकी की पडली तर एकटीला उचलणं कठीण. साडीत तर विचारूच नका. त्याआधी लुना आली होती. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं 1972 मध्ये आपल्या अहमदनगरात ती काढली. लुनावर बसून कामाला जाणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्यात. मग त्याच पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी केली आणि 1980 च्या दशकात कायनेटिक होंडा आली. कारखाना मध्य प्रदेशात, इंदूरजवळ पिथमपूरला. गाडीची रचना जपानी, बनवणारे हात आपले.

हिच्यात गिअर नाही. बटण दाबलं की सुरू होते. इंजिन 98 सीसीचं, टू-स्ट्रोक. इतर टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल भरताना ऑईल मापून त्यात मिसळावं लागायचं. हिच्यात ऑईलची टाकी वेगळी, गाडी आपलं आपण मिसळून घेते. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढे पाय ठेवायला सपाट जागा. साडी नीट राहते, आणि दोन पायांच्या मध्ये लसीचा डबा बरोबर बसतो. जपानी माणसानं आमच्या लसीच्या डब्याचं माप घेतलं नसेल, पण ते बसलं खरं.

पैसे कुठून आणायचे? माझ्या पाटल्या होत्या, माहेरच्या. मी घाबरत सासूबाईंना विचारलं. वाटलं, आता रामायण होणार. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पाटल्या पेटीत असतात. तू रस्त्यात असतेस. मोड." बाकीचे पतपेढीतून कर्ज काढले.

शोरूममध्ये गेलो. तिथल्या माणसानं फॉर्म भरायला घेतला आणि न विचारताच मालक म्हणून यांचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "खोडा ते." तो यांच्याकडे बघायला लागला. हे म्हणाले, "पाटल्या तिच्या आहेत, कर्ज तिच्या पगारातून कापणार, तर नाव माझं कसं?" त्यानं नवा फॉर्म घेतला. ते आरसी बुक हातात आलं तेव्हा मी माझं नाव तीन वेळा वाचलं. लग्नानंतरचं माझं नाव तोवर फक्त हजेरीपटावर होतं. मालक म्हणून ते पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

चालवायला मी आठ दिवसांत शिकले, आमच्याच भाताच्या खळ्यावर. दोनदा पडले. दोन्ही वेळा गाडी एकटीनं उचलली.

1995 मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. तो काळ तुमच्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल. बूथ, मग घरोघरी, वीटभट्टीवर, यंत्रमागाच्या कारखान्यांमागच्या चाळींत, पुलाखालच्या पालांवर. तो डबा सकाळ-संध्याकाळ त्या पायाच्या जागेवर. काल्हेर, कोपर, पूर्णा, जिथे बोलावतील तिथे. 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी मी गाडी पुसत होते. पायाच्या जागेवर बघितलं तर चौकोनी डाग. डबा ठेवून ठेवून तिथला रंग निघून गेला होता. तो डाग लक्षात ठेवा, पुढे त्याचा विषय येणार आहे.

त्याच्या आधी आणखी एक दिवस आहे. 26 जुलै 2005. आपल्यापैकी कुणी तो विसरलं नसेल. आमच्या ओटीवर मांडीपर्यंत पाणी होतं. धान्य माळ्यावर चढवलं, सासूबाईंना शेजारच्या गच्चीवर नेलं, स्कूटर राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा ती चिखलानं माखलेली, आडवी पडलेली. शेजारचा मुलगा धावत आला, "काकू, बघतो चालू होते का," आणि बटणाकडे हात नेला. मी ओरडलेच त्याच्यावर. नशीब, आदल्याच महिन्यात आमच्या मेस्त्रीनं सांगून ठेवलं होतं: पाण्यात बुडालेली गाडी कधी चालू करून बघायची नाही.

कारण नीट समजून घ्या, हे आजच्या गाड्यांनाही लागू आहे. इंजिनात पाणी शिरलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही. बटण दाबलं की आतले भाग जोर लावतात आणि वाकतात नाहीतर तुटतात. शिवाय विजेच्या तारा ओल्या. म्हणून पहिलं काम, बॅटरी काढायची. मग टाकीतलं पेट्रोल ओतून टाकायचं, कार्बोरेटर रिकामा करायचा, स्पार्क प्लग काढायचा आणि किक हळूहळू मारून आतलं पाणी बाहेर काढायचं. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडायचं म्हणजे आत गंज चढत नाही. गिअरच्या पेटीतलं ऑईल बदलायचं, बेल्ट काढून सुकवायचा, ब्रेक उघडून साफ करायचे. हे सगळं मेस्त्रीनं आणि मी मिळून चार दिवसांत केलं. पाचव्या दिवशी ती सुरू झाली. गावात किती गाड्या भंगारात गेल्या त्या पुरात! माझी वाचली, कारण त्या मुलाचा हात मी वेळेवर धरला.

आता होंडा कंपनीचं सांगते. 1998 मध्ये होंडानं ती भागीदारी सोडली. पुढे काही वर्षांनी गाडी बनायचीच बंद झाली. हळूहळू सुटे भाग मिळेनासे झाले. 2009 मध्ये माझ्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, फी भरायची, पर्यावरण कर भरायचा, आणि मग ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालवता येते. भंगारवाल्यानं मला पंधराशे रुपये देऊ केले. घरातले म्हणाले, दे. मी विचार केला, पाटल्यांचे पंधराशे? मी पासिंग करून घेतलं. 2014 मध्ये पुन्हा, 2019 मध्ये पुन्हा, 2024 मध्ये पुन्हा. फी वाढत गेली, तेव्हा तुमची जुनी गाडी असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

आता चुकीची गोष्ट. 2013 च्या दिवाळीत माझ्या मुलाला पहिला पगार मिळाला. मी पाडव्याला माहेरी गेले होते. परत आले तर अंगणात गाडी लालभडक. पुढचा मडगार्ड, पुढचा सगळा भाग, चकचकीत लाल. मागचा भाग रंगवायचा राहिला होता, रंगारी दुसऱ्या दिवशी येणार होता. मुलगा हसत उभा. "आई, तुला सरप्राइज!" त्याला वाटलं मी खूश होईन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरला. मी त्याला काय सांगणार? पहिल्या पगाराचे पैसे होते ते.

त्या रात्री मी त्याला ओटीवर बसवून सांगितलं. म्हटलं, तुझ्या आजीचा तांब्याचा हंडा आहे ना, त्याला पोचे आहेत. आपण त्याला कल्हई करतो, आतून. पोचे काढायला गेलो तर हंडा पातळ होतो. पैठणी विरली तर आपण तिला रफू करतो, तिच्यावर नवा रंग चढवत नाही. देवघरातला टाक घासून घासून नाक-डोळे नाहीसे करत नाही. ही गाडीही तशीच. तिच्यावरचे ओरखडे मला माहीत आहेत. हा वीटभट्टीवरचा, हा 2005 चा, हा तू सायकल धडकवलीस तेव्हाचा. तो म्हणाला, "मग लाल रंग काढून टाकू." पण रंगाऱ्यानं लाल चढवण्याआधी खालचा रंग घासून काढला होता. कंपनीचा रंग गेला तो गेला. रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो, पहिला रंग एकदाच असतो.

मागचा भाग मी रंगवू दिला नाही. म्हणून माझी गाडी आजही पुढून लाल आणि मागून जुनी आहे. लोक हसतात. पुढचं लाल काढून जुन्यासारखा रंग देता आला असता, पण तो माझ्या मुलाचा पहिला पगार आहे. आता तोही त्या गाडीचाच भाग झाला.

चूक त्याची नव्हती, माझी होती. वस्तू मला का प्रिय आहे हे मी घरात कधी बोललेच नव्हते. न बोलता ती त्याला कळणार कशी? आपण बाया असं फार करतो. मनात जपतो आणि घरच्यांनी ओळखावं अशी अपेक्षा करतो.

त्यानंतर मुलालाच नाद लागला. मोबाईलवर जुन्या जपानी गाड्या शोधून मला दाखवायचा. त्यातून कळलं की हे वेड जगभर आहे. टोयोटा आणि यामाहा यांनी मिळून 1967 ते 1970 या काळात एक शर्यतीच्या थाटाची मोटार काढली, 2000जीटी नावाची. सगळ्या मिळून 351 च बनवल्या. त्यातली एक 2022 मध्ये अमेरिकेत लिलावात पंचवीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. दुसरी एक, डॅटसन 240झेड. ही 1969 पासूनची, त्या मानानं साधी, हजारोंनी विकली गेलेली. तिथल्या मध्यमवर्गाला परवडणारी. पण 2020 मध्ये त्यातली एक, फारशी न चाललेली, मूळ स्थितीत जपलेली, तीन लाख दहा हजार डॉलरला विकली गेली. तशाच दुसऱ्या गाड्या रंगवून, इंजिन बदलून, चाकं बदलून चालवलेल्या, त्यांना एवढी किंमत येत नाही. मी मुलाला विचारलं, "असं का रे?" तो म्हणाला, "आई, बदललेल्या खूप आहेत. न बदललेल्या थोड्या उरल्यात." भाजी बाजारात कमी आली की भाव चढतो, तेच गणित.

आणखी एक गोष्ट मला आवडली. निसान कंपनीनं 1990 च्या दशकाच्या शेवटी जुन्या 240झेड परत विकत घेतल्या, नीट केल्या आणि पुन्हा विकल्या. माझदा कंपनी आपल्या जुन्या छोट्या मोटारी मूळ रूपात करून देते. टोयोटानं त्या 2000जीटीचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. आपल्याकडे माझ्या गाडीचा बेल्ट शोधत आम्ही भिवंडीच्या भंगारवाल्यांपासून मुंबईच्या चोर बाजारापर्यंत फिरलो. मिळाला शेवटी.

आपल्या देशातली एक गोष्ट यावरून आठवली. मारुती 800, तीही मूळ जपानच्या सुझुकीची. पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली, चावी दिली इंदिरा गांधींनी. त्यांनी ती शेवटपर्यंत ठेवली. 2010 मध्ये ते गेले. त्यानंतर ती गाडी उघड्यावर पडून गंजली. पुढे कंपनीनं ती नीट करून आपल्याकडे ठेवली, म्हणून वाचली. ती नशीबवान, देशातली पहिली होती. तुमची-माझी गाडी नीट करायला कंपनी येणार नाही. म्हणून आपण हयात असतानाच ठरवायचं की नंतर कुणाकडे जाणार. 2021 पासून आरसीत मालकाला आपल्यामागे कुणाला गाडी द्यायची त्या वारसाचं नाव नोंदवता येतं. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची. हे गाडी जुनी असो की नवी, मोटारसायकल असो की टेम्पो, सगळ्यांना लागू आहे. तुमच्या मालकांच्या गाडीवर वारस म्हणून तुमचं नाव आहे का, आज संध्याकाळी विचारा. आपल्या गटातल्या कितीतरी विधवा बायांच्या घरी टेम्पो दारात सडतो आणि कागद दिराकडे असतो, हे मला माहीत आहे.

आता आमच्यावर प्रसंग आला 2023 मध्ये. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पैसे कमी पडत होते. तेवढ्यात ठाण्याचा एक मुलगा शोधत आला. जुन्या स्कूटरी जमवतो म्हणाला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढचं लाल बघून तोंड वाकडं केलं. मग आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी पडताळून बघितला. दोन्ही जुळले. मग तो वाकून पायाची जागा बघायला लागला. म्हणाला, "काकू, हा डाग कसला?" मी सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे रंगवू नका कधी. पंचावन्न हजार देतो."

भंगारवाल्याचे पंधराशे कुठे आणि हे कुठे! घरात दोन दिवस बोलणं चाललं. मुलगा म्हणाला, "आई, तू ठरव, तुझ्या नावावर आहे." तेवढं वाक्य मला पुरलं. आमच्या बचत गटात माझं खातं चोख होतं. गटातून कर्ज काढलं, ऑपरेशन झालं, दोन वर्षांत फेडलं. पण खरं सांगते, गट नसता, दुसरा मार्ग नसता, तर मी त्याच दिवशी चावी दिली असती. वस्तू माणसापेक्षा मोठी नाही. जपायचं ते ऐपतीत राहून जपायचं. कर्ज काढून हौस करा असं मी कुणाला सांगणार नाही. आणि विकावीच लागली, तर योग्य किमतीला, आपल्या सहीनं विकायची. घाईत कुणाला देऊन टाकायची नाही.

आता ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, लुना असो, स्कूटर असो, सासऱ्यांची राजदूत असो, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते.

पहिलं, कागद. आरसी, विमा, पीयूसी, जुन्या पावत्या, सगळं एका पिशवीत. आरसीवरचे नंबर आणि गाडीवरचे नंबर एकदा स्वतः वाचून बघा. चेसिस नंबर दिसत नसेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. कधी इंजिन बदलावं लागलं तर आरटीओत नोंद करा. नंबर जुळले नाहीत की पुढे ना पासिंग होत, ना विकता येत.

दुसरं, जागा. आपल्याकडे खाडीची खारी हवा. पत्रा आतून खाते. गाडी ओल्या जमिनीवर ठेवू नका, खाली फळी टाका. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर बरी. पावसाळ्याआधी खालच्या पत्र्याला फडक्यानं ऑईलचा हात फिरवा. आणि उंदीर! गोदामं आली तसे उंदीर आले. ते तारा कुरतडतात. महिन्यातून एकदा सीट उघडून बघा.

तिसरं, पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, त्या फुगतात, तडकतात. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. नाहीतर आठवड्यातून एकदा चक्कर मारा. लोणच्याची बरणी हलवतो तसं, हलती ठेवली की टिकते.

चौथं, जुना भाग फेकू नका. मेस्त्रीनं बदलला तरी तो मागून घ्या. चिठ्ठी बांधा, तारीख लिहा. आमच्या माळ्यावर एक डबा आहे, त्यात पहिला आरसा आहे, पहिली नंबर पाटी आहे. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही आता सरकारनं नवी, सुरक्षित नंबर पाटी सक्तीची केली. ती लावायचीच. जुनी पाटी, पेंटरनं हातानं रंगवलेली, ती डब्यात.

पाचवं, मूळचं जपायचं म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही. टायर, ब्रेक, केबल, दिवे, हे नवेच हवेत. टायर दिसायला चांगला असला तरी रबर म्हातारं होतं. टायरवर चार आकडी नंबर असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 1218 लिहिलं असेल तर तो 2018 च्या बाराव्या आठवड्यातला. असा टायर मला दिला तर मी लावणार नाही. आणि हेल्मेट. त्याला वय नाही, सगळ्यांनी घालायचं.

आणखी एक कबुली. टू-स्ट्रोक गाडी धूर करते. आजच्या गाडीपेक्षा नक्कीच जास्त करते. म्हणून मी तिच्यावर रोज फिरत नाही. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत, बस. रोजचं काम सुनेच्या नव्या गाडीवर होतं. 2025 मध्ये त्याच नावाची, तशाच चेहऱ्याची बॅटरीवरची स्कूटर बाजारात आली. सूनबाई म्हणते, पुढची ती घेऊ. घ्या म्हटलं.

सरकारी नियमात पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणतात. 2021 मध्ये तो नियम झाला. दुचाकीही त्यात येते. वेगळा नंबर मिळतो, त्यात व्हीए अशी अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार ठरवली होती. मग ती गाडी रोजच्या वापराला नाही, फक्त प्रदर्शन, रॅली अशा कामाला काढायची. माझी गाडी 2044 मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरची असेन. आम्हा दोघींत तोवर कोण चालू राहील, बघू.

वारस म्हणून मी सुनेचं नाव नोंदवायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, "माझं का नाही?" मी म्हटलं, "तू लाल रंगवशील." तो हसला. पण खरं कारण वेगळं आहे. सुनेच्या नावावर या घरात अजून काही नाही. माझ्या पाटल्यांची सुरुवात माझ्या आईपासून झाली, सासूबाईंनी त्या मोडायला सांगितल्या, आता ती वस्तू तिच्याकडे जाईल. ती विकेल की ठेवेल, तिनं ठरवायचं. तिला मी फक्त त्या चौकोनी डागाची गोष्ट सांगितली आहे.

मैत्रिणींनो, सगळ्यांकडे जुनी स्कूटर असणार नाही. पण सगळ्यांच्या घरात कागदांची एक पिशवी असते, बहुतेक कपाटाच्या वरच्या खणात, आणि आपण ती धूळ झटकण्यापुरती हलवतो. या आठवड्यात ती खाली उतरवा. कोणत्या कागदावर कुणाचं नाव आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावता येतं, ते लागलंय का बघा. शिलाई मशीन, शेळी, गिरणी, गटाच्या कर्जातून घेतलं असेल तर त्याची पावती कुणाच्या नावानं फाडली ते बघा. पावती दुकानदार फाडतो, पण नाव आपण सांगायचं असतं. मला तेव्हा "खोडा ते" एवढेच दोन शब्द बोलावे लागले होते. त्यावर मी तीस वर्षं फिरले.

पुढच्या गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या नावावरची एक वस्तू सांगायची, असं आमच्या गटानं ठरवलंय. तुम्हीही करून बघा. आणि कुणाच्या गोठ्यात जुनी लुना पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पुसून बघा तिला.